राखणीच्या कुत्र्याची गोचीड: औषधी अंघोळ कशी घालावी

पावसाळ्याच्या दमट हवेत गोचीड वेगाने वाढते. गोठ्यातल्या जनावरांकडे लक्ष असतं, राखणीच्या कुत्र्याकडे मात्र कानात गोचिडांचे घोस लटकेपर्यंत कोणी बघत नाही. मग कपाशीचं उरलेलं औषध अंदाजाने बादलीत ओतलं जातं. हे अजिबात करू नका. कुत्रा अंग चाटतो, विष थेट पोटात जातं.

जनावरांच्या औषधांच्या दुकानात १२.५ टक्के ॲमिट्राझ हे गोचीड मारणारं औषध मिळतं. साधारण प्रमाण लिटरला २ मिली. बाटलीवर किंवा डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. मध्यम अंगाच्या कुत्र्याला ३ लिटर पाणी, म्हणजे ६ मिली औषध पुरतं. बिनसुईच्या सिरिंजने मोजा, टोपणाने नको. द्रावण त्याच वेळी बनवा, उरलेलं साठवू नका आणि विहिरीत, ओढ्यात ओतू नका, मासे मरतात.

उघडीप असलेली सकाळ निवडा. आधी साध्या शाम्पूने मळ काढा, कारण तेलकट केसांतून औषध कातडीपर्यंत पोचत नाही. नीट पुसून घ्या, नाहीतर अंगावरच्या पाण्याने द्रावण पातळ होतं. हातमोजे घालून स्पंजने मानेपासून सुरुवात करा. बोटांच्या बेचक्या, कानाची पाळी, शेपटीखालची जागा सोडू नका. डोळे, तोंड आणि जखमा मात्र टाळा. नंतर पाण्याने धुऊ नका. बहुतेक वेळा गुण येत नाही तो इथेच. अंगावरच वाळू द्या आणि वाळेपर्यंत चाटू देऊ नका.

चार महिन्यांखालचं पिल्लू, गाभण किंवा मधुमेही कुत्रा, मांजर आणि घोडा यांना हे औषध लावू नये. कुत्रा सुस्त पडला, ओकला, अंग गार लागलं तर लगेच धुऊन डॉक्टरांकडे न्या.

पिसवांवर ॲमिट्राझ भरवशाचं नाही. त्यासाठी फिप्रोनिलचा स्प्रे किंवा मानेवर टाकायचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरा. पर्मेथ्रिन हे पिसवांवरचं दुसरं औषध मात्र मांजराच्या जिवावर बेततं.

रक्त पिऊन टम्म झालेली गोचिडाची मादी गळून पडते आणि भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. ती वरही चढते, म्हणून भेगा फक्त पायाशीच नव्हे, वासे-कौलांपर्यंत बुजवा. कुत्र्याचं पोतं उकळत्या पाण्यात धुवा किंवा जाळून टाका. पिसवांचे कोष औषधाला दाद देत नाहीत, त्यामुळे जागा रोज झाडा. दुसरी अंघोळ ७ ते १० दिवसांनी घाला.