माकडताप: उशीर नेमका कुठे होतो? या चुका टाळा

काजूची बी गोळा करायचे दिवस आणि माकडतापाचे दिवस एकच. डिसेंबरात सुरू होणारी साथ मेपर्यंत चालते. त्यामुळे ऐन हंगामात ताप आला की माणूस ‘आज बी उचलू, उद्या डॉक्टरकडे जाऊ’ म्हणतो आणि तापाचे पहिले चार दिवस असेच जातात. नंतर नाकातून रक्त आलं की रात्री गाडीची शोधाशोध सुरू होते.

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडतापाचा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. १०० रुग्णांमागे साधारण ३ ते ५ जण दगावतात, म्हणजे बहुतेक रुग्ण बरे होतात. कोणाची तब्येत बिघडणार हे मात्र पहिल्या दिवशी कळत नाही, म्हणून रोज लक्ष ठेवावं लागतं.

‘आम्ही माकडाच्या जवळही गेलो नाही’

या आजाराचं नावच फसवं आहे. माकडं या विषाणूने मरतात, पण माणसाला तो मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून होतो. चावणारी बहुधा पिल्लू गोचीड असते, तिळाएवढी किंवा त्याहूनही बारीक. चावा दुखत नाही आणि बऱ्याच रुग्णांना तो आठवतही नाही. म्हणून ‘गोचीड दिसली नाही’ यावरून काहीच ठरत नाही. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: गेल्या आठ-दहा दिवसांत पातेऱ्यात (वाळक्या पानांत) बसलात का, लाकूडफाटा आणलात का, बागेत बी वेचली का, रानात चरणारी गुरं हाताळलीत का? चाव्यानंतर ३ ते ८ दिवसांत ताप येतो. आसपास माकड मेलं असेल तर संशय आणखी वाढवा. मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा.

अंगावर गोचीड दिसलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. बोटांनी चिरडू नका, तिच्यावर रॉकेल ओतू नका की काडीने चटका देऊ नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा.

‘एक सुई मारा, ताप उतरवा’

सर्वांत महागात पडते ती ही चूक. माकडतापात अंग इतकं दुखतं की माणूस कळवळतो, म्हणून कंबरेत वेदनाशामक सुई मागितली जाते. या आजारात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही घटतात. अशा वेळी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारखी औषधं रक्तस्राव वाढवू शकतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. स्नायूत सुई टोचली की तिथेच रक्त साकळू शकतं. वर दोन दिवस बरं वाटतं आणि रुग्ण पुन्हा बागेत जातो.

तापाला पॅरासिटामॉल पुरे. प्रौढाला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, दर सहा तासांनी, २४ तासांत चारच वेळा. मुलांची मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांना विचारा. अंगदुखीच्या आणि सर्दीच्या अनेक जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. यकृतालाही सूज येणाऱ्या या आजारात ते दुप्पट पोटात जाणं धोक्याचं आहे. घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या, नावं आठवत बसायला नको.

‘औषधच नाही, मग जाऊन काय करू?’

विषाणू मारणारं खास औषध नाही, हे खरं. पण उलट्या-जुलाबाने पाणी गेलं, रक्तदाब उतरला, रक्तस्राव सुरू झाला, तर त्या प्रत्येकावर इलाज आहे आणि तो वेळेवर व्हावा लागतो. सलाईन, रक्तदाबाची नोंद, रोज किंवा दिवसाआड सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), गरज पडल्यास रक्तघटक हेच इथले उपचार. लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूच्या तापाची) शंका असेल तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करतील. ते या विषाणूवर चालत नाही, तरी सांगितलं असेल तर बंद करू नका. घरी असेपर्यंत ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात मिसळून घोट घोट द्या. पपईच्या पानांचा रस शोधत दिवस घालवण्यापेक्षा हे बरं.

तपासणीचा दिवस चुकतो

डेंग्यू निगेटिव्ह आला म्हणून सुटलो, असं नसतं. माकडतापाची तपासणी वेगळी असते आणि ती सांगूनच करून घ्यावी लागते. पहिल्या चार-पाच दिवसांत आरटी-पीसीआर (रक्तात विषाणूच शोधणारी चाचणी) उपयोगी पडते. पाचव्या दिवसानंतर आयजीएम प्रतिपिंडांची (विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या घटकांची) चाचणीही लागते, कारण उशिरा घेतलेल्या नमुन्यात पीसीआर निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून ताप कधी चढला तो दिवस आणि वेळ लिहा. ‘तीन-चार दिवस झाले असतील’ या उत्तराने डॉक्टरांची अडचणच होते. अहवालाची वाट पाहत उपचार थांबवायचे नसतात.

ताप आला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. पुढीलपैकी काही दिसलं तर थांबू नका, १०८ ला फोन करा: नाक-हिरड्यांतून रक्त, काळी शौच, पाणीही पोटात न टिकणं, आठ तास लघवी नसणं, उभं राहताच चक्कर, धाप, बरळणं, झटके. सिंधुदुर्गातल्या गंभीर रुग्णाला पुढे गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) पाठवायचं ठरलं, तर गाडी आणि सोबतीचा माणूस आधीच ठरवून ठेवा. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही, त्यामुळे सोबत जायला भ्यायचं कारण नाही.

ताप उतरला, की फक्त थांबला?

एक-दोन आठवडे ठीक राहिलेल्या १० ते २० टक्के रुग्णांत तिसऱ्या आठवड्यात ताप परत येतो. या खेपेला डोकं ठणकतं, हात थरथरतात, नजर अंधुक होते, बोलण्यात गोंधळ होतो. घरच्यांना हे ऊन लागल्याचं किंवा अशक्तपणाचं वाटतं आणि मागच्या तापाशी कोणी त्याचा संबंध जोडत नाही. पहिला ताप गेल्यावर महिनाभर डिस्चार्जचा कागद हाताशी ठेवा आणि यातलं काही दिसलं तर तो घेऊनच रुग्णालयात जा.

शिमग्याला किंवा मेमध्ये गावी येऊन मुंबई-पुण्याला परतलेल्यांचं दुखणं आणखी निराळं. ताप तिथे येतो आणि तिथल्या डॉक्टरांसमोर रोज डेंग्यू, मलेरिया असतो. आपण होऊन सांगा: दोडामार्गात किंवा सत्तरीत होतो, अमुक तारखेला काजूच्या बागेत गेलो होतो, माकडतापाची तपासणी होईल का?