बार्शी लाइटचं जुनं फाटक जमिनीवर कसं ओळखायचं

बार्शी लाइट रेल्वेची कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी गेजची (दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिमी) लाइन १८९७ मध्ये सुरू झाली, पुढे १९११ मध्ये लातूरला पोचली. २००८ पर्यंत हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि बहुतेक जुना भराव नव्या, रुंद भरावाखाली गाडला गेला. म्हणून शोध घ्यायचा तो नवी लाइन जुनीला सोडून गेली तिथे: उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जोडण्यासाठी मार्ग वळवला त्या पट्ट्यात, किंवा लातूर शहरात.

आधी घरी बसून काम. गूगल अर्थमध्ये २००८ च्या आधीची चित्रं मिळाली तर ती उघडा, त्यावर रेघ मारून ठेवा. गावनकाशात रेल्वेची जमीन लांब, अरुंद पट्टीसारखी वेगळी दिसते. एप्रिल-मे मध्ये रानं मोकळी असतात, तेव्हा जा; काळ्या मातीत खडीचा पट्टा लगेच डोळ्यात भरतो.

इथे सर्वांत जास्त फसगत कालव्याच्या रस्त्यामुळे होते. कालवा जमिनीची उंची धरून चालतो, त्यामुळे ओढ्यापाशी बहुधा वळसा घेतो. रेल्वे मात्र ओढा मोरीवरून किंवा पुलावरून सरळ ओलांडते, आणि वळली तरी लांबलचक, सावकाश वळते.

आता फाटक. भरावाला गाडीवाट जिथे छेदते तिथे दोन्ही बाजूंनी रस्ता हळूहळू चढतो का ते बघा. तिरकी येणारी वाट तेवढ्यापुरती वाकून रुळांना काटकोनात भिडत असेल, तर ती खूण फार भरवशाची. आजही त्या जागेला लोक ‘फाटक’च म्हणत असतील, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर गेटमनची चौकी कुठे होती तेही बहुधा सांगतात.

डांबरात रूळ उरले असतील तर समांतर भेगा दिसतील. माप मुख्य रुळांच्या आतल्या कडांमध्ये घ्या, ७६२ मिमीच्या आसपास यायला हवं. फाटकात चाकाच्या कडेसाठी खाच मोकळी राहावी म्हणून मुख्य रुळांच्या आत जादा रुळांची जोडी (चेक रेल) बसवतात. चुकून ती जोडी मोजली तर अंतर बरंच कमी भरतं आणि गेज वेगळाच वाटतो.

फाटकाचे खांब पुष्कळदा उभे पुरलेले जुने रूळ असतात. इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ही लाइन एका आसावर ५ टनांचाच भार धरून आखली, म्हणून सुरुवातीचे रूळ यार्डाला ३० पौंडांचे, उंचीला जेमतेम ७५ ते ८० मिमी. ब्रॉडगेजचा मीटरला ५२ किलोचा रूळ १५६ मिमी भरतो, त्यामुळे टेप लावताच फरक कळतो. रुळाच्या मधल्या पट्टीवर गंज असेल तर मऊ ब्रशने झाडा आणि टॉर्च कडेने धरा. कारखान्याचं नाव आणि साल उठून दिसतं. ते साल रूळ कारखान्यात बनवल्याचं आहे, फाटक बांधल्याचं नव्हे. जुने रूळ दुसरीकडून आणून लावण्याची पद्धत होती.

खिळा, प्लेट, रुळाचा तुकडा, काहीही उचलू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. चालू लाइनवर पायी फिरणंही टाळा. फोटो काढताना शेजारी टेप ठेवा आणि अक्षांश-रेखांश जागेवरच लिहून घ्या.