मिस मार्पलच्या आधीची पन्नास वर्षे: जोन हिक्सन यांचा अभिनय कसा पाहावा

बीबीसीच्या मालिकेत जोन हिक्सन या इंग्लिश अभिनेत्री अगाथा ख्रिस्ती यांच्या रहस्यकथांतील मिस मार्पल या वृद्ध हौशी गुप्तहेर बाईच्या भूमिकेत प्रथम दिसल्या त्या डिसेंबर १९८४ मध्ये, आणि तेव्हा त्यांचे वय ७८ होते. त्यामुळे ज्यांनी त्यांना केवळ या एका भूमिकेत पाहिले आहे, त्यांचा असा समज होतो की उतारवयात एका अभिनेत्रीला अचानक नशिबाने साथ दिली. हा समज मला अन्यायाचा वाटतो. त्या मार्पलमागे रंगभूमीची आणि चित्रपटांची पन्नासहून अधिक वर्षे उभी आहेत, आणि त्या वर्षांतील बहुतेक काम मोलकरणी, घरमालकिणी, परिचारिका, शेजारणी आणि सासवा अशा छोट्या भूमिकांचे आहे. चरित्र अभिनेत्रीची कारकीर्द नायिकेच्या कारकिर्दीसारखी पाहता येत नाही, कारण तिच्यासाठी कथा थांबत नाही आणि कॅमेराही फारसा थांबत नाही. ती पाहण्याची एक रीत आहे, आणि तीच येथे क्रमाने सांगत आहे.

सुरुवात शेवटापासून करावी. ‘द बॉडी इन द लायब्ररी’ ही मालिकेतील पहिली कथा प्रथम नेहमीप्रमाणे, रहस्यासाठी, शेवटपर्यंत पाहावी. मग दोन-चार दिवस जाऊ द्यावेत आणि खुनी कोण हे ठाऊक असताना तीच कथा पुन्हा पाहावी. या वेळी जो बोलतो आहे त्याच्याकडे न पाहता केवळ हिक्सन यांच्याकडे पाहावे. दुसरी पात्रे आपापल्या हकिगती सांगत असताना त्या जवळजवळ हालचाल करीत नाहीत. मान किंचित कललेली असते, हात विणकामात किंवा मांडीवरच्या पर्समध्ये गुंतलेले असतात, आणि त्या फिकट निळ्या डोळ्यांत मात्र ऐकलेल्या प्रत्येक वाक्याचा हिशोब चालू असतो. एखादा प्रवेश आवाज बंद करूनही पाहावा, म्हणजे कोणत्या वाक्यावर त्यांना काहीतरी खटकले हे शब्दांशिवायही कळते. ऐकण्याचा अभिनय हा त्यांच्या कामाचा गाभा आहे. तो एकदा ओळखता आला, की मागे जाऊन तो कोठून आला हे शोधता येते.

मागे जाण्यापूर्वी त्यांच्या आयुष्याची रूपरेषा जवळ असलेली बरी. जोन बोगल हिक्सन यांचा जन्म ५ ऑगस्ट १९०६ रोजी नॉर्थॅम्प्टनजवळच्या किंग्जथॉर्प येथे झाला. वडिलांचा पादत्राणे बनवण्याचा व्यवसाय होता. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिक्षण घेऊन त्यांनी १९२७ मध्ये रंगभूमीवर पाऊल ठेवले, १९३२ मध्ये एका डॉक्टरांशी विवाह केला, आणि १९३४ पासून चित्रपटांत कामे करण्यास सुरुवात केली. त्यांना दोन मुले होती. १९५८ पासून त्या एसेक्स परगण्यातील कोल्न नदीकाठच्या विव्हेन्हो या छोट्या गावी राहत होत्या आणि पुढील चाळीस वर्षे, म्हणजे १७ ऑक्टोबर १९९८ रोजी निधन होईपर्यंत, तेथेच राहिल्या. खासगी आयुष्याविषयी याहून अधिक खोदून काढण्याची गरज नाही.

आता त्यांच्या चित्रपटांची यादी समोर घ्यावी. ती लांबलचक आहे आणि ती सगळी पाहण्याचा हट्ट धरल्यास माणूस कंटाळतो. ‘कॅरी ऑन’ या विनोदी चित्रपटमालेत त्या अनेकदा दिसतात. ‘कॅरी ऑन नर्स’ मधील त्यांची सिस्टर एकदा पाहिली की त्या चित्रपटांपुरते पुरेसे आहे. त्याऐवजी १९५० चा ‘सेव्हन डेज टू नून’ निवडावा. अणुबाँब घेऊन लंडनमध्ये लपलेल्या एका शास्त्रज्ञाची ही गोष्ट आहे, आणि तो ज्या घरात खोली भाड्याने घेतो त्या घराची मालकीण मिसेस पेकेट म्हणजे हिक्सन. हा भाडेकरू रात्रभर येरझाऱ्या घालतो, म्हणून तिला त्याचा संशय येतो, आणि तो संशय खऱ्या धोक्यापेक्षा अगदीच वेगळ्या गोष्टीचा असतो. घरमालकिणींचे खून पाडणारा कोणी माणूस आपल्या घरात शिरला आहे, अशी तिची समजूत होते.

अशी छोटी भूमिका पाहताना एक वही जवळ ठेवावी आणि प्रत्येक प्रवेशासाठी काही गोष्टी लिहून काढाव्यात. पात्र आत येते तेव्हा त्याच्या हातात काय असते? समोरच्याशी बोलताना ते आपल्याला त्याच्यापेक्षा वरचे समजते, खालचे, की बरोबरीचे? उच्चार कोणत्या वर्गाचे आहेत? आणि ते बाहेर जाताना काही ठरवून जाते, की केवळ संवाद संपले म्हणून जाते? इंग्लंडमध्ये बोलण्याच्या ढबीवरून माणसाची सामाजिक पायरी ओळखली जात असे, त्यामुळे उच्चारांची नोंद विशेष महत्त्वाची आहे. हिक्सन सुखवस्तू घरात वाढल्या होत्या, आणि पडद्यावर त्या ज्या स्त्रिया उभ्या करीत त्यांपैकी बऱ्याच जणी कष्टकरी वर्गातील होत्या. पहिल्या खेपेस हे प्रश्न जड वाटतील. तरीही नेटाने लिहीत राहावे, कारण साधारण मिनिटभराच्या प्रवेशात अभिनेत्रीने किती निर्णय घेतले आहेत हे अशा नोंदींशिवाय लक्षात येत नाही.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्यासाठी दोन संध्याकाळी लागोपाठ मोकळ्या ठेवाव्यात. पहिल्या संध्याकाळी १९६१ चा ‘मर्डर शी सेड’ हा कृष्णधवल चित्रपट पाहावा. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे आणि त्यात मिस मार्पल झाल्या आहेत मार्गारेट रदरफर्ड. रदरफर्ड यांची मार्पल धडधाकट, मोठ्या आवाजाची आणि धाडसी आहे. कादंबरीत रेल्वेतून खून पाहणारी बाई दुसरी आणि श्रीमंतांच्या वाड्यात कामाला लागून पुरावे शोधणारी तरुणी तिसरीच आहे, पण चित्रपटात ही दोन्ही कामे मार्पल स्वतःच करते. त्याच वाड्यात मिसेस किडर नावाची रोजच्या कामाला येणारी बाई आहे, आणि ती भूमिका जोन हिक्सन यांची आहे. दुसऱ्या संध्याकाळी १९८७ मध्ये बीबीसीने त्याच कादंबरीवर केलेली कथा पाहावी, जिच्यात मार्पल स्वतः हिक्सन आहेत.

ही जोडी पाहताना एक मोह टाळावा. दोघींपैकी श्रेष्ठ मार्पल कोणती, या वादात फार वेळ घालवू नये. रदरफर्ड या थोर विनोदी अभिनेत्री होत्या, आणि ख्रिस्ती यांची नायिका त्यांनी बरीच बदलली असूनही ख्रिस्ती यांनी १९६२ ची मार्पल-कादंबरी त्यांना अर्पण केली होती. आपण पाहायचे ते असे, की सव्वीस वर्षांपूर्वी त्याच कथेत घरकामाच्या बाईच्या जागेवरून वावरलेली अभिनेत्री मार्पल म्हणून कशी वावरते. रदरफर्ड खोलीत शिरल्या की खोली त्यांची होते. हिक्सन शिरतात तेव्हा खोलीतली माणसे आपले बोलणे थांबवत नाहीत, कारण म्हाताऱ्या बाईकडे लक्ष देण्याची त्यांना गरज वाटत नाही. ख्रिस्ती यांच्या मार्पलचे बळ नेमके याच दुर्लक्षात आहे. पडद्याच्या कडेला उभे राहून काम करण्याची जी सवय हिक्सन यांनी इतकी वर्षे जोपासली, ती या भूमिकेत थेट उपयोगी पडली, असे माझे ठाम मत आहे.

रंगभूमीवरील काम आपल्याला पाहता येत नाही; त्यासाठी नाटकांच्या संहिता वाचाव्यात. १९४५ मध्ये लंडनमध्ये रंगभूमीवर आलेल्या ख्रिस्ती यांच्या ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’ या नाटकात हिक्सन होत्या. त्यांचे काम पाहून ख्रिस्ती यांनी त्यांना एक चिठ्ठी पाठवली आणि पुढे कधीतरी त्यांनी मिस मार्पल साकारावी अशी इच्छा व्यक्त केली. हिक्सन तेव्हा चाळिशीच्या आसपास होत्या; ती इच्छा फळाला आली तेव्हा ख्रिस्ती हयात नव्हत्या. नंतरच्या काळासाठी ॲलन एकबोर्न यांचे ‘बेडरूम फार्स’ वाचावे. रंगमंचावर एकाच वेळी तीन शयनगृहे आहेत, आणि त्यांपैकी एका खोलीत अर्नेस्ट व डेलिया हे वृद्ध जोडपे पलंगावर बसून टोस्टवर मासे खाते. डेलियाची भूमिका हिक्सन यांनी लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये केली आणि पुढे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर केली, जिच्यासाठी त्यांना १९७९ चा टोनी हा अमेरिकी रंगभूमीवरील मानाचा पुरस्कार मिळाला. डेलियाचे संवाद मोठ्याने वाचून पाहावेत. त्यांत विनोदी वाक्ये म्हणून वेगळी काढता येतील अशी वाक्ये थोडीच सापडतात, आणि हशा मिळवायचा तो बाईच्या गांभीर्यातून. पीटर निकोल्स यांच्या ‘अ डे इन द डेथ ऑफ जो एग’ या नाटकातील ग्रेस मात्र सुदैवाने पडद्यावर उपलब्ध आहे. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलीच्या आईवडिलांचे हे नाटक आहे, आणि ग्रेस ही त्या मुलीची आजी. १९७२ च्या चित्रपटात हिक्सन यांनीच ती केली आहे. ग्रेसबद्दल प्रेक्षकाला चीड येते, तरीही तिचे प्रेम खोटे वाटत नाही, आणि हे दोन्ही एकाच प्रवेशात कसे साधले आहे हे पाहण्यासाठी तो प्रवेश दोनदा पाहावा.

चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीवरील १९८१ च्या बीबीसी मालिकेतील त्यांची मिस हॅविशॅम वेळ असेल तर पाहावी. १९८६ चा ‘क्लॉकवाइज’ मात्र चुकवू नये. मार्पलची मालिका ऐन भरात असताना त्यांनी या विनोदी चित्रपटात मिसेस ट्रेलिस ही अखंड बडबडणारी वृद्धा केली. मोटारीत बसून ती बोलत राहते आणि तिचे कोणी ऐकत नाही. सगळ्यांचे ऐकणारी मार्पल आणि जिचे कोणीच ऐकत नाही अशी ही बाई, या दोघी एकाच अभिनेत्रीने एकाच काळात केल्या आहेत. या दोन भूमिकांच्या नोंदी वहीत समोरासमोरच्या पानांवर लिहाव्यात.

एवढे झाल्यावर मार्पलच्या बाराही कथा ज्या क्रमाने प्रसारित झाल्या त्या क्रमाने पाहाव्यात. शेवटची १९९२ च्या डिसेंबरातील, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षाची. सेंट मेरी मीड हे मिस मार्पलचे काल्पनिक गाव हॅम्पशरमधील नेदर वॉलप या खऱ्या गावात चित्रित झाले आहे. डोळ्यांना विश्रांती हवी असेल तेव्हा ख्रिस्ती यांच्या कथांची त्यांनी केलेली ध्वनिमुद्रित वाचने ऐकावीत. चेहरा समोर नसताना त्यांचा आवाज विराम कोठे घेतो, हे तेथे स्पष्ट कळते.

बारा कथांपैकी ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ सावकाश पाहावी. तिच्यात ग्लॅडिस नावाच्या एका साध्याभोळ्या मोलकरणीचा खून होतो आणि मेल्यावर तिच्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावून तिची विटंबना केली जाते. या मुलीला घरकाम मिस मार्पलनेच शिकवलेले असते, आणि खुनाची बातमी कळताच मार्पल कोणी न बोलावता त्या घरी येऊन थडकते. इतर कथांत शांत दिसणारी मार्पल येथे संतापलेली आहे, पण हिक्सन आवाज चढवीत नाहीत. हीच कथा पाहिल्यावर १९३७ चा ‘लव्ह फ्रॉम अ स्ट्रेंजर’ हा चित्रपट मिळवून पाहावा. तोही ख्रिस्ती यांच्याच कथेवरून आला आहे, आणि त्यात एमी नावाची तरुण मोलकरीण आहे ती जोन हिक्सन यांची. मार्पल ज्या मुलींची बाजू घेते तशा मुली त्या स्वतः पडद्यावर जगल्या होत्या, आणि ग्लॅडिसबद्दलच्या त्या संतापाला इतके वजन कशामुळे येते, याचे उत्तर मला एमीपाशी मिळाले.

१९९३ चा ‘सेंच्युरी’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट शेवटी पाहावा. जगभर नाव झाल्यानंतरही त्यात त्यांनी छोटीच भूमिका घेतली आहे, त्यामुळे वही उघडी ठेवून बसावे.