चौथीनंतरची नवी शाळा: पाचवीच्या वर्षाची तयारी कशी करावी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून चौथी पूर्ण करून शेजारच्या मोठ्या गावातील हायस्कुलात पाचवीला जाणे, हा ग्रामीण महाराष्ट्रातील असंख्य मुलांच्या शिक्षणातला पहिला मोठा बदल असतो. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा ठरवला असला, तरी चौथीपर्यंतची प्राथमिक शाळा आणि पाचवीपासूनचे माध्यमिक विद्यालय ही जुनी घडण अनेक ठिकाणी अजून टिकून आहे. या टप्प्यावर मूल अडखळते ते बहुधा अभ्यास अवघड झाला म्हणून नव्हे. आतापर्यंत एकच गुरुजी किंवा बाई बहुतेक सगळे विषय शिकवत, कोणाची वही घरी राहिली आणि कोण आज गप्प आहे हे त्यांच्या लगेच ध्यानात येई. हायस्कुलात मात्र दर तासिकेला शिक्षक बदलतात आणि आपली वेळ, आपल्या वस्तू आणि आपल्या शंका मुलाला स्वतःच सांभाळाव्या लागतात. म्हणून तयारी करायची ती मुख्यतः या सांभाळण्याची, आणि ती जूनच्या पहिल्या आठवड्यात नव्हे तर मे महिन्यातच सुरू करावी.

पहिले काम कागदपत्रांचे आहे आणि त्यात घाई करू नये. जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला घेण्यापूर्वी तेथील जनरल रजिस्टरमधील नोंद स्वतः वाचून पाहावी: मुलाचे, वडिलांचे व आईचे नाव, आडनावाचे लेखन, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात. हीच नोंद पुढे दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते, आणि विद्यार्थी शाळा सोडून गेल्यानंतर ती दुरुस्त करणे फार कठीण होऊन बसते. आधार कार्डावरील नाव आणि रजिस्टरमधील नाव यांत एका वेलांटीचा फरक असला तरी तो आत्ताच मुख्याध्यापकांच्या नजरेस आणून द्यावा, कारण यू-डायस या शाळा व विद्यार्थ्यांच्या माहितीच्या सरकारी प्रणालीतील ऑनलाइन नोंदीतही अशा फरकामुळे अडचण येते. दाखला हाती आला म्हणजे काम संपले असे नसते. जुन्या शाळेने मुलाची ऑनलाइन नोंद नव्या शाळेकडे वर्ग केली आहे का, याची खात्री दोन्हीकडे करून घ्यावी. एखाद्या कुटुंबाला हंगामी कामामुळे दाखला वेळेवर मिळाला नसेल, तर त्यांनी हे लक्षात ठेवावे की पहिली ते आठवीच्या मुलाला केवळ दाखल्याच्या विलंबामुळे प्रवेश नाकारता येत नाही, आणि या वर्गांसाठी प्रवेश परीक्षा घेणे किंवा देणगी मागणे यांनाही कायद्याने मनाई आहे.

शाळा दूर असेल तर प्रवासाची तालीम करून घ्यावी. एसटीने जायचे असल्यास मुलींना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेतून बारावीपर्यंत मोफत पास मिळतो, आणि मुलांना भाड्याचा साधारण एकतृतीयांश भाग भरून मासिक पास काढता येतो. पाससाठी शाळेचा शिक्का लागतो, त्यामुळे पहिले काही दिवस सुट्टे पैसे देऊनच प्रवास करावा लागेल असे धरून चालावे. शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा मुलाला बरोबर घेऊन त्याच वेळेच्या गाडीने जावे. गाडी कुठे थांबते, परतीची गाडी चुकली तर कोणाच्या दुकानात किंवा घरी थांबायचे आणि घरी फोन कोठून करायचा, हे त्याला दाखवून द्यावे आणि एक मोबाइल क्रमांक पाठ करून घ्यावा. राज्याच्या बहुतेक भागांत शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते, तर विदर्भात उन्हामुळे ती महिनाअखेरीस सुरू होते. दोन्हीकडे पावसाचे दिवस तोंडावर असतात. वाटेत ओढा किंवा फरशी पूल असेल, तर पाणी चढल्यावर थांबायचे, ओलांडायचे नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. घरी उशिरा पोचल्याबद्दल रागावले जाणार नाही, याची खात्री असेल तरच मूल तसे थांबते.

खरेदीच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, आणि ती हाती येईपर्यंत बालभारतीच्या संकेतस्थळावरील प्रती पाहता येतात. वह्यांची थप्पी आधीच आणून ठेवू नये. कोणत्या विषयाला दोनशे पानी आणि कोणत्याला शंभर पानी वही लागते, हे विषयशिक्षक पहिल्या आठवड्यात सांगतात. केंद्राच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणानुसार तिसरी ते पाचवीच्या मुलाचे दप्तर १.७ ते २.५ किलोच्या दरम्यान असावे आणि सर्वसाधारणपणे ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे. किराणा दुकानातील काट्यावर एकदा ते तोलून पाहावे. बहुतेक वेळा त्या दिवशी नको असलेली पुस्तकेच त्यात सापडतात.

यातूनच वेळापत्रकाचा विषय येतो, आणि माझ्या मते पाचवीच्या वर्षाची किल्ली तेथेच आहे. शाळेत वेळापत्रक मिळाले की मुलाने ते स्वतःच्या हाताने मोठ्या कागदावर उतरवून घरात दप्तराच्या जागेजवळ लावावे आणि प्रत्येक विषयापुढे शिक्षकांचे नाव लिहावे. दप्तर रात्री जेवणानंतर भरायचे आणि ते मुलानेच भरायचे. पहिले दोन आठवडे आई, वडील किंवा ताई यांपैकी कोणीतरी शेजारी बसून ‘उद्या पहिली तासिका कोणती?’ एवढेच विचारावे. वही आपण उचलून दप्तरात टाकू नये. तिसऱ्या आठवड्यापासून विचारणेही थांबवावे. एखाद्या दिवशी वही घरी राहील आणि शिक्षक विचारतील, पण ती वही घेऊन पालकांनी शाळेच्या फाटकाशी धावत जाण्याचे कारण नाही. गृहपाठ लिहून घेण्यासाठी एक छोटी वेगळी वही ठेवावी, कारण सहा शिक्षकांनी सहा तासिकांत सांगितलेले संध्याकाळपर्यंत लक्षात राहील अशी अपेक्षा दहा वर्षांच्या मुलाकडून करणे योग्य नाही.

अभ्यासाचे म्हणाल तर मे महिन्यात पाचवीची पुस्तके शिकवायला घेऊ नयेत. चौथीपर्यंतचा पाया तपासावा. मुलाने मराठीच्या पुस्तकातील न वाचलेले एक पान मोठ्याने वाचून त्यात काय होते ते आपल्या शब्दांत सांगावे, हातचा घेऊन वजाबाकी करावी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागावे आणि इंग्रजीतील साधी वाक्ये वाचावीत. यांपैकी जे अडते त्याला रोज अर्धा तास द्यावा. पाचवीत मराठी माध्यमाच्या मुलांना हिंदी हा विषय नव्याने येतो, पण लिपी ओळखीची असल्याने तो सहसा जड जात नाही. पाया तपासण्याचा आग्रह आणखी एका कारणासाठी आहे: शिक्षणहक्क कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर राज्याने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षेचा नियम केला. या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला अधिकचे मार्गदर्शन आणि पुन्हा परीक्षेची संधी मिळते, पण त्यातही यश न आल्यास त्याला त्याच वर्गात ठेवता येते. या नियमाची मुलाला भीती घालू नये; पालकांनी तो मनात ठेवून वेळीच लक्ष द्यावे.

ज्या गोष्टी घरात बोलल्या जात नाहीत, त्यांचा त्रास मुलांना सर्वांत जास्त होतो. पहिल्या आठवड्यात ‘काय शिकवले?’ याआधी ‘पाणी कोठे प्यायलास, स्वच्छतागृहात गेला होतास का?’ हे विचारावे. मोठ्या मुलांच्या गर्दीला बुजून किंवा अस्वच्छतेमुळे दिवसभर लघवी रोखून धरणारी आणि त्यासाठी पाणीच न पिणारी मुले-मुली प्रत्येक शाळेत असतात. मुलीशी आईने, काकूने किंवा मोठ्या बहिणीने पाळीबद्दल सुट्टीतच शांतपणे बोलून घ्यावे, कारण पाचवी ते सातवीच्या वर्षांत ती केव्हाही सुरू होऊ शकते. दप्तराच्या आतल्या कप्प्यात कागदात गुंडाळलेले एक-दोन पॅड ठेवावेत आणि शाळेत गरज पडली तर कोणत्या बाईंकडे जायचे हे ठरवून द्यावे. आई नसलेल्या घरात वडिलांनी हे काम नात्यातील एखाद्या स्त्रीकडे विश्वासाने सोपवावे. ते राहून जाऊ देऊ नये.

मारणे आणि मानसिक छळ यांना शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, हे मुलाला माहीत असावे. कोणी मारले, चिडवले, पैसे मागितले किंवा नकोसा स्पर्श केला, तर आधी घरी सांगायचे, हे त्याच्याशी स्पष्ट बोलावे. शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी सखी सावित्री समिती असते, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. शाळेतून आलेले मूल अचानक गप्प झाले, पोट दुखते म्हणून शाळा टाळू लागले किंवा डबा तसाच परत आणू लागले, तर त्याला कामचुकार ठरवण्यापूर्वी वर्गशिक्षकांना भेटावे.

वर्गशिक्षकांची पहिली भेट तर तक्रारीची वाट न पाहता जूनअखेरच घ्यावी. मुलाला चष्मा आहे, दमा आहे, तोतरेपणा आहे, एका कानाने कमी ऐकू येते किंवा घरात नुकतेच काही दुःख घडले आहे, हे त्यांना माहीत असेल तर ते त्याला पुढच्या बाकावर बसवतील आणि इतर विषयशिक्षकांनाही सांगतील. मुलासमोर त्याच्या उणिवा मोजून दाखवू नयेत आणि जुन्या शाळेची निंदाही करू नये. पहिल्या घटक चाचणीनंतर पालकसभा होते, तिला आई-वडिलांपैकी ज्यांचा खाडा झाला तरी चालण्यासारखा आहे त्यांनी आवर्जून जावे आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका मागून पाहाव्यात: गुण कमी दिसले तर प्रश्न समजला नाही, येत असून लिहिण्याचा वेग कमी पडला, की तो धडा शिकवला त्या दिवशी मूल गैरहजर होते, हे शिक्षकांसोबत बसून ठरवावे आणि त्यानुसार दिवाळीपूर्वीच्या संकलित मूल्यमापनापर्यंतची, म्हणजे सहामाही परीक्षेपर्यंतची, आखणी करावी.