बांधावरच्या निलगिरीचा पाला पिकाला बाधतो का, हे घरी कसे तपासावे

करवीर किंवा पन्हाळ्याच्या शिवारात निलगिरीलगतचा भुईमूग खुरटला, की ‘झाडाचा वसवा लागला’ असे म्हटले जाते. या एका शब्दात सावली, मुळांनी ओढून घेतलेले पाणी आणि पाल्यातून मातीत उतरणारी रसायने अशी तीन वेगळी कारणे एकत्र येतात. तिसऱ्या कारणाला अ‍ॅलेलोपॅथी म्हणतात. हा शब्द वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये योजला. निलगिरीच्या पानांत सिनिओलसारखी उडून जाणारी द्रव्ये आणि पाण्यात विरघळणारी फिनॉलिक आम्ले असतात, तर सुबाभळीच्या पानांत मिमोसिन हे असेच बाधणारे द्रव्य असते. तरीही दोष पाल्याचाच आहे, हे तपासल्याशिवाय मानू नये आणि तेवढ्यावरून झाडावर कुऱ्हाड तर मुळीच चालवू नये.

झाडाखाली नुकताच गळलेला, न कुजलेला पाला गोळा करून सावलीत वाळवावा. त्यातील १० ग्रॅम पाला चुरडून १०० मिलिलिटर पाण्यात एक दिवस भिजत ठेवावा आणि पाणी दुपदरी सुती कापडातून गाळून घ्यावे. ते उकळू नये, कारण शेतात पाऊस पाला भिजवतो, शिजवत नाही. या अर्काचा एक भाग तसाच ठेवावा, दुसऱ्यात तेवढेच आणि तिसऱ्यात तिप्पट पाणी मिसळावे. चौथ्या ताटलीसाठी नुसते पाणी घ्यावे. तिच्याशी तुलना केल्याखेरीज बाकीच्या ताटल्यांवरून काहीच ठरवता येत नाही.

बियाण्यासाठी कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारातील साधी मेथी पुरते. औषध लावलेले रंगीत बियाणे घेऊ नये. प्रत्येक ताटलीत टिपकागदावर २५ दाणे पसरावेत, सर्वांना सारखाच अर्क किंवा पाणी घालून ताटल्या झाकाव्यात आणि एकाच जागी ठेवाव्यात. पाचव्या दिवशी उगवलेले दाणे मोजावेत आणि मुळांची लांबी पट्टीने घ्यावी. उगवण सारखी दिसली तरी मुळे पाहावीतच: साध्या पाण्यातले मूळ पांढरे, सरळ आणि बारीक लव असलेले असते, अर्काने बाधलेले मूळ आखूड राहते आणि त्याचे टोक तपकिरी पडते. मात्र दाट अर्कात विरघळलेल्या क्षारांमुळेही दाण्यांना पाणी शोषणे जड जाते, म्हणून सर्वांत पातळ अर्कातील मुळांना माझ्या मते अधिक महत्त्व द्यावे.

एवढ्याने शेताचा निकाल लागत नाही, कारण ताटलीत माती नसते. मातीतील जिवाणू फिनॉलिक आम्ले खाऊन टाकतात, चिकणमाती त्यांना धरून ठेवते आणि गगनबावड्याकडचा जोराचा पाऊस ती धुऊन नेतो. त्यामुळे झाडापासून दूरची, त्याच शेतातली माती घेऊन चार कुंड्या भराव्यात. दोन कुंड्यांत पाल्याचा चुरा मिसळावा, उरलेल्या दोन कुंड्यांत मिसळू नये, आणि सर्व कुंड्या सारख्या उन्हात ठेवाव्यात. पाला कुजताना मातीतले नत्र जिवाणूंत अडकून रोपे पिवळी पडू शकतात. तो विषाचा परिणाम समजू नये.

कुंडीत रोपे सारखीच वाढली, तर वसव्याचे कारण बहुधा सावली किंवा पाणी असते. तेव्हा फांद्या छाटाव्यात आणि झाड व पीक यांच्यामध्ये चर खणून मुळे तोडावीत. रोपे खुरटली, तर पाला पावसाआधी झाडून शेणाबरोबर खड्ड्यात कुजवावा आणि ते खत शेतात टाकण्यापूर्वी त्याचाही अर्क मेथीच्या दाण्यांवर याच रीतीने तपासावा.