जुन्या कॅबिनेटमध्ये वॉटर कूलिंग: पत्रा कापण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी ड्रेन व्हॉल्व्ह. प्रोसेसर कुठला, रॅम किती, ते तुमचं तुम्ही ठरवालच, त्यावर बोलत नाही. पण भरलेलं पाणी परत कुठून काढणार, हे कॅबिनेटला पहिलं भोक पाडण्याआधी ठरलं पाहिजे. माझ्या मागच्या मशीनला हा व्हॉल्व्हच राहिला. ग्राफिक्स कार्ड बदलताना भरलेला पाइप तसाच ओढावा लागला, पाणी खाली उतरलं आणि मदरबोर्ड गेला.

आता कॅबिनेट. भंगारवाल्याकडे दोन तऱ्हेची मिळतात. १९९५ मध्ये इंटेलने मदरबोर्ड आणि कॅबिनेटसाठी एटीएक्स नावाची मापं आणली. त्या मापांचं असेल तर निम्मं काम वाचलं. त्याआधीच्या एटी मापाचं असेल तर मागच्या बाजूला कीबोर्डचं एक गोल भोक तेवढं असतं. आजच्या मदरबोर्डच्या पोर्टांसाठी तिथे १५८.७५ × ४४.४५ मिमीची खिडकी कापावी लागते. कार्डांच्या स्लॉटांमधलं अंतर मात्र तेव्हाही २०.३२ मिमी होतं, आजही तेच आहे, त्यामुळे स्लॉटांची पट्टी शाबूत ठेवा.

एटी कॅबिनेटच्या पुढच्या बटणाकडे नीट बघा. पुष्कळ टॉवरमध्ये त्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट आलेले असतात. जुना एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि ती जाड वायर मुळासकट काढून टाका, मागे काही ठेवू नका. शिवाय ते बटण दाबलं की दाबलेलंच राहतं. तसंच नव्या मदरबोर्डला जोडलं तर मशीन चालू होऊन चार सेकंदांत बंद पडतं, आणि लोक दोष एसएमपीएसला देत बसतात. दाबून सुटणारं बटण आत बसवा.

मापं घ्या, आणि कागदावर नको, पुठ्ठ्यावर. रेडिएटर म्हणजे पाणी थंड करणारी जाळी. दोन १२० मिमी फॅनचा, म्हणजे २४० चा रेडिएटर नावाला २४०. त्याची लांबी २७५-२८० मिमी भरते. जाडी २७ ते ३० मिमी, वर फॅनचे २५, म्हणजे ५५ मिमी गेले, आणि पाइप जोडायचं फिटिंग अजून धरलेलंच नाही. हार्ड डिस्कचा पिंजरा बहुतेक काढावाच लागतो. रिवेट ड्रिलने उडवा, छिन्नीने नको, पत्रा वाकतो. जुन्या कॅबिनेटचं टोपण पुष्कळदा तिन्ही बाजूंनी एकच असतं आणि मागे सरकवून निघतं. त्या टोपणाला रेडिएटर लावलात तर टोपण कधीच मोकळं होणार नाही. रेडिएटर सांगाड्यालाच. बोर्ड १७० मिमीचा छोटा, मिनी-आयटीएक्स मापाचा घ्या, पाणी फिरवणाऱ्या पंपाला जागा उरते. ड्रेन व्हॉल्व्हलाही उरते. पुठ्ठ्यावर त्याची जागा काढली का? नसेल तर आत्ता काढा. पाण्याच्या वाटेतली सगळ्यात खालची जागा, तिथे टी (तीन तोंडांचा जोड), टीला बॉल व्हॉल्व्ह, आणि त्याचं तोंड बाहेरून हाताला लागेल असं. तळातून काढणार असाल तर कॅबिनेटला उंच पाय लावा.

कापायचं काम घरी ग्राइंडरने करत बसू नका. बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत कुणी ना कुणी करून देतं. फक्त माप मिलिमीटरमध्ये लिहून न्या. तोंडी सांगितलंत तर “किती सूत पाहिजे सांगा की हो” असं विचारतील, आणि एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर. १२० मिमी फॅनच्या स्क्रूंची भोकं १०५ मिमी अंतरावर येतात, तिथे सूतभर चूक चालत नाही. ड्रेनचं भोकही त्याच फेरीत पाडून घ्या, त्याच फेरीत. सगळं बसवल्यावर ड्रिल चालवलं तर लोखंडाचा कीस बोर्डावर पडतो. कापलेल्या कडांना कानस मारा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा. हे सगळं मृगाच्या आधी उरका. आपल्याकडे, त्यातून खानापूरकडे, पावसाळ्यात उघडा पत्रा लगेच गंजतो.

धातू एकाच जातीचे. प्रोसेसरवर बसणारे, आतून पाणी जाणारे ब्लॉक तांब्याचे असतील तर रेडिएटरही तांब्या-पितळेचा. तयार बंद कूलरचा रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो, तो स्वस्तात मिळाला तरी जोडू नका. दोन धातू एका पाण्यात आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. फिटिंगचे आटे जी १/४, सगळीकडे तेच. हाताने आवळा, टेफ्लॉन टेप नको, ओ-रिंग पुरते. २५ मिमीच्या फॅनला ३० मिमीचे स्क्रू. त्याहून लांब स्क्रू रेडिएटरच्या नळ्यांत घुसतो. पाइप मऊच घ्या, १०/१६ चा (आतून १०, बाहेरून १६ मिमी), वळणावर दुमडत नाही.

बोअरचं पाणी नको, नळाचं नको, फिल्टरचंही नको. तयार कूलंट, किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये गंज आणि शेवाळ रोखणारं औषध.

भरण्याआधी शेवटचं विचारतो: ड्रेन व्हॉल्व्ह बसला? बंद आहे? तोंडाला प्लग आहे? उघडून बघितलात का, की बोटं तिथे पोचतच नाहीत? आणि रिकामं करताना पाणी भरायचं वरचं झाकण सैल करावं लागतं, नाहीतर हवा आत जात नाही आणि पाणी उतरत नाही. तेव्हा वरचं झाकणही हाताशी हवं.

मग भरा. पंप कोरडा क्षणभरही फिरवू नका. मदरबोर्डला वीज न देता, एसएमपीएसच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि एक काळी वायर जोडून नुसता पंप चालवा, खाली टिश्यू पेपर, चोवीस तास. बुडबुडे जाईपर्यंत कॅबिनेट हळूहळू कलवा. पेपर कोरडे असतील तर बाकीच्या वायरी जोडा. कॅबिनेटचा पुढचा दिवा लागला नाही तर त्याची पिन उलटी करून लावा. पाणी वर्षातून एकदा बदला, कुठून ते आता माहीत आहे.