रिफ्लेक्शन्स स्पर्धा: मुलांच्या (खरं तर आई-बाबांच्या) या चुका टाळा

ऑक्टोबर उजाडला की माझ्या फोनवर ठरलेला मेसेज येतो. "ताई, ती पीटीएची ड्रॉइंग कॉम्पिटिशन असते ना, तिची लास्ट डेट कधी? मुलीचं एक चित्र घरात तयारच आहे." एवढ्याशा मेसेजमध्ये तीन चुका आहेत. पीटीएची, म्हणजे शाळेच्या पालक-शिक्षक संघटनेची, ही रिफ्लेक्शन्स स्पर्धा नुसती ड्रॉइंगची नाही. लास्ट डेट विचारायची वेळ सप्टेंबरातच निघून गेली. आणि घरात तयार असलेलं चित्र हीच तर सगळ्यात मोठी अडचण.

मी अमेरिकेत राहते. मुलांच्या शाळेत पीटीएच्या रिफ्लेक्शन्सचं काम गेली सहा वर्षं माझ्या गळ्यात आहे. गळ्यात म्हणते खरं, पण सोडवत नाही. १९६९ साली कोलोरॅडोच्या पीटीए अध्यक्ष मेरी लू अँडरसन यांनी ही स्पर्धा सुरू केली. चित्रकला, फोटोग्राफी, साहित्य, संगीतरचना, नृत्यरचना आणि फिल्म असे सहा विभाग आहेत. दरवर्षी देशभर एकच थीम असते. एन्ट्री आधी शाळेत, मग कौन्सिल किंवा रीजन (म्हणजे आसपासच्या शाळांचा गट), मग राज्य, मग राष्ट्रीय पातळी अशी वर चढते. नियम काही गुपित नाहीत, दोन पानांत मावतात. ती दोन पानं कोणी वाचत नाही, म्हणून हा लेख.

पहिली चूक फॉर्म भरण्याच्याही आधीची. तुमच्या शाळेत पीटीए आहे की पीटीओ (म्हणजे नॅशनल पीटीएशी न जोडलेली, शाळेपुरती पालक संघटना), ते बघा. एका अक्षराचा फरक दिसतो, पण रिफ्लेक्शन्स नॅशनल पीटीएची आहे आणि एन्ट्री सदस्य पीटीएमार्फतच जाते. पीटीओवाल्या शाळेतल्या एका बाबांनी आपल्या लेकीची सुंदर कविता मला ईमेल केली होती, "तुमच्या शाळेतून पाठवा ना" म्हणून. तसं चालत नाही हो. अशा वेळी राज्याच्या पीटीएला विचारा, पण उन्हाळ्यात विचारा. अंतिम तारीखसुद्धा प्रत्येक शाळेची वेगळी असते. मैत्रिणीच्या शाळेची तारीख तुमच्या कामाची नाही.

आता तयार चित्राकडे येऊ.

आपल्याकडे मुलं शनिवारी चित्रकलेच्या क्लासला जातात. वर्षभरात पंधरा-वीस चित्रं जमतात. थीम जाहीर झाली की आई त्या ढिगातून "हे बसतं का बघ" म्हणत एक चित्र ओढते आणि वर थीमशी जुळणारी दोन वाक्यं चिकटवते. परीक्षकांसमोर मुलाचं नाव नसतं, शाळेचं नसतं. फक्त कलाकृती, तिचं शीर्षक आणि आर्टिस्ट स्टेटमेंट, म्हणजे मुलाने आपल्या कामाबद्दल लिहिलेलं छोटं टिपण. गुण देताना सगळ्यात जास्त वजन थीमच्या अर्थाला असतं, सफाईला त्याहून कमी. म्हणजे क्लासमधलं झकास शेडिंग केलेलं मडकं थीमशी नातं सांगत नसेल, तर ते नुसतं मडकंच राहतं.

२०२४-२५ची थीम होती 'ॲक्सेप्टिंग इम्परफेक्शन', म्हणजे अपूर्णतेचा स्वीकार. शेवटच्या दिवशी तिसरीतल्या एका मुलाचा गणपती आला. रंग छान, पितांबर तर फारच छान. स्टेटमेंटमध्ये लिहिलं होतं की जपानमध्ये फुटलेली भांडी सोन्याने सांधतात, त्या किंत्सुगीतून मला प्रेरणा मिळाली. त्या वर्षी आमच्या शाळेतल्या दर तिसऱ्या स्टेटमेंटमध्ये किंत्सुगी होती. एका आठवड्यात इतक्या मुलांना जपानचा साक्षात्कार कसा झाला असेल, हे आई-बाबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाच ठाऊक.

चित्र जवळून पाहिलं तर सोंडेच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा एक जाड ठिपका होता, बोटाच्या पेराएवढा. बाकी कागद गुळगुळीत आणि तिथे मात्र खरखरीत. मुलगा तिथेच उभा होता. मी विचारलं, "हे काय रे?"

"मी दोन्ही दात पूर्ण काढले होते. आई म्हणाली एकदंत आहे तो, चुकलं. मग तिने पुसलं."

थीम अपूर्णतेच्या स्वीकाराची आणि आईने पोराची चूक पांढऱ्या रंगाने बुजवलेली! मला हसावं की रडावं कळेना. आई बिचारी चांगली आहे, माझी मैत्रीणच. पण मोठ्यांचा ब्रश लागला की ते काम मुलाचं राहत नाही, नियमही तेच सांगतो. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "बाई गं, तुझ्या मुलाने आत्ता दोन वाक्यांत जे सांगितलं ना, तेच तुझं स्टेटमेंट होतं." नशिबाने आमची तारीख शनिवार-रविवारमुळे दोन दिवस पुढे सरकली होती. सोमवारी त्याने स्वतः काढलेला नवा गणपती आणला. दोन्ही दात शाबूत, उंदीर गणपतीहून मोठा. खाली त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं की माझा गणपती चुकला आहे पण तो रागावलेला दिसत नाही. पुढे राज्यापर्यंत गेला का? नाही गेला. पण माझ्या सहा वर्षांतलं ते सगळ्यात खरं स्टेटमेंट.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. पद्धत वगैरे नाही, नुसती सवय. मी पालकांना सांगते, मूल चित्र काढत असताना फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि "काय काढतोयस?" एवढंच विचारा. ते जे बोलेल त्यातूनच स्टेटमेंट घ्या. दहा ते शंभर शब्दांचीच तर मर्यादा आहे. आठ वर्षांचं मूल 'रेझिलियन्स' म्हणत नाही, 'परत केलं' म्हणतं. मग 'परत केलं' असंच लिहा. एआयकडून लिहून घेतलेलं स्टेटमेंट मला पहिल्या ओळीत कळतं, परीक्षकांना त्याच्याही आधी कळत असावं. दुसरीपर्यंतच्या छोट्यांचं बोलणं मोठ्यांनी उतरवून घेतलं तर चालतं. पण उतरवून घेणं वेगळं आणि सुधारून घेणं वेगळं.

दुसरी माझी दुखरी नस म्हणजे नृत्य.

विभागाचं नाव डान्स कोरिओग्राफी आहे. नाच नव्हे, नाचाची रचना. आपल्या मुली भरतनाट्यम, कथक शिकतात, मंडळाच्या गणेशोत्सवात लावणी करतात. त्याचा व्हिडिओ हाताशी असतो, साडी-दागिन्यांसकट. तो अपलोड केला की झालं, असं वाटतं. पण रचना गुरूंची आहे ना! एका सहावीतल्या मुलीने अप्रतिम अलारिपू (भरतनाट्यममधला सुरुवातीचा नाच) पाठवला होता. मी फोन करून विचारलं, "ही रचना तुझी?" ती प्रामाणिकपणे म्हणाली, "नाही, आमच्या क्लासच्या मावशींची, आम्ही सगळ्याच हे शिकतो." वडील मागून म्हणत होते, "अहो, पण मेहनत तिचीच आहे!" मेहनतीबद्दल कोण शंका घेतंय? तीन वर्षं घाम गाळलाय पोरीने. पण विभाग मेहनतीचा नाही. शेवटी ती एन्ट्री मागे घ्यावी लागली, आणि तिच्या घरच्यांचा आठ दिवस माझ्याशी अबोला होता. पुढच्या वर्षी त्याच मुलीने भरतनाट्यमचे अडवू (मूळ पदन्यास) घेऊन दीड मिनिटाचं स्वतःचं काहीतरी रचलं. अडखळत, मधेच थांबून, पण तिचं. शास्त्रीय किंवा लोकनृत्याचा आधार असेल तर तो कुठून आला, त्याचा अर्थ काय, हे स्टेटमेंटमध्ये लिहायचं असतं. मागे वाजणाऱ्या संगीताचा उल्लेखही फॉर्मवर हवा. पाच मिनिटांची मर्यादा आहे, पण दीड मिनिट पुरतं.

संगीताचंही तसंच. पेटीवर 'वैष्णव जन' वाजवलं म्हणजे संगीतरचना झाली नाही. उलट, रचना मुलाची असेल तर वाजवणारा दुसरा कोणीही चालतो. हे फार जणांना माहीत नसतं, आणि जे मूल चाली गुणगुणतं पण वाद्य वाजवत नाही, त्याची संधी उगाच जाते.

बाकीच्या चुका किरकोळ, पण एन्ट्री बाद करायला एवढ्याही पुरतात:

चित्र मॅटसकट (म्हणजे भोवतीच्या जाड कागदाच्या चौकटीसकट) २४ बाय ३० इंचांहून मोठं नको, आणि फ्रेम तर नकोच.

फोटोचा प्रिंट मॅटसकट ११ बाय १४च्या आत. हे मी स्वतः चुकले आहे. लेकाचा तळ्याचा फोटो हौसेने १६ बाय २० काढून आणला आणि माझाच नियम मला लागू करावा लागला. तो प्रिंट आता आमच्या जिन्यात आहे.

मातीकाम, शिल्प असेल तर वेगवेगळ्या कोनांतून तीन फोटो. मागच्या वर्षी एकाने एकाच बाजूचे तीन पाठवले.

पिकाचू, एल्सा, स्पायडरमॅन नको. कॉपीराइट असलेली पात्रं आणि लोगो चालत नाहीत, मुलाने कितीही हुबेहूब काढले तरी.

एका एन्ट्रीला एकच कलाकार. दोघा भावंडांनी मिळून केलेलं चित्र घरच्या फ्रिजवर लावा.

चित्राच्या दर्शनी बाजूला नाव नको, मागे लिहा. थीम हेच शीर्षक ठेवू नका, परीक्षक त्या दिवशी ते वाक्य पन्नास वेळा वाचत असतात.

साहित्य विभागाबद्दल एक सांगते, कारण आपल्या लोकांना ते सांगायलाच हवं. मुलाने मराठीत लिहिलं तर चालतं, सोबत इंग्रजी भाषांतर जोडायचं. पण मराठीत लिहायचं ते मुलाला मराठी येतं म्हणून, आजीला खूश करायला नाही. एकदा मला आलेल्या मराठी कवितेत 'तिमिर' आणि 'प्राक्तन' एका कडव्यात होते, आणि कवी पहिलीत. मी फोन केला तर आजोबांनीच उचलला.